पाठ नसलेली ओळ

श्रीहरीच्या कृपेने आपल्या भजनी मंडळाची ही फिरती वही आज पुन्हा माझ्याकडे आली. मजकूर माझा आहे, अक्षर धर्मपत्नीचे.

सज्जनहो, मुंबईस माझ्या डोळ्याच्या पडद्यावर शस्त्रक्रिया होऊन तीन महिने झाले. मध्ये बारीक छिद्र असलेला काळा चष्मा लावून रोज थोडे वाचावे, अशी डॉक्टरांची आज्ञा आहे.

आज सकाळी मी पोथीतली संपूर्ण ओवी वाचली आणि आनंदाने हिला हाक मारली. तोच ही हसली. "अहो, वाचताय कुठं? म्हणताय की! पान उलटं धरलंय."

इतके दिवस मी पाठांतरालाच दृष्टी समजत होतो.

मग तिने करकंबहून आलेले लेकीचे कार्ड पुढे केले. "ती. बाबांस साष्टांग नमस्कार," मी सुरुवात केली.

"ते तर सगळ्यांनाच पाठ असतं. खालचं वाचा की!" तिने वरची ओळ बोटांनी झाकली.

एकेक अक्षर छिद्रात धरीत मी वाचले, "सोनीला... पहिला... दात... आला."

पोथी अंतःकरणात आहे, ती वाचता आली नाही तरी अडत नाही. नातीचा तो दात मात्र मला याच डोळ्यांनी पाहायचा आहे. तो पडण्यापूर्वी दृष्टी पुरती येईल ना?

वाचणाऱ्या प्रत्येकास आपली माणसे डोळे भरून पाहण्याचे भाग्य प्रभू देवो.