भाऊजी भात शिकले

माझे भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, हातानं अडाणी नव्हते. उभा जन्म त्यांनी लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवला. उंच उंच इमारतींच्या पोटात, अंधारात, ग्रीसच्या वासात उभं राहून हा माणूस बोटाएवढी स्प्रिंग अशी बदलायचा की वर राहणाऱ्यांना पत्ताही लागत नसे. पण घरी आले की खुर्चीत बसायचे. ताट पुढ्यात आलं की जेवायचं, उचललं गेलं की हात धुवायचे. चहासुद्धा कधी केला नाही. हे लाड ताईनंच केले आणि त्यावरून मी तिला जन्मभर बोलले. ती हसायची. "तुझ्या नवऱ्यानं काय दिवे लावलेत ते मला माहीत आहे," म्हणायची आणि विषय संपवायची.

ताई अचानक गेली. भाऊजी रडले नाहीत. आल्यागेल्याला नमस्कार केला, खुर्च्या मांडल्या, खुर्च्या उचलल्या. लोक म्हणाले, माणूस खंबीर आहे हो. खंबीर कसला, मख्ख झाला होता. समोर ठेवलं तर खायचे, नाही ठेवलं तर नाही. शेजारीण डबा द्यायची तो कधीकधी उघडलेलाच नसायचा. मी तरी कुठे रडले म्हणा. दुसऱ्या आठवड्यात माझं शिवणाचं दुकान पुन्हा उघडलं आणि शाळेचे गणवेश शिवत बसले. मशीन चालू असलं की बरं असतं, दुसरं काही ऐकू येत नाही.

त्यांचा एकुलता मुलगा, माझा भाचा, लांबच्या शहरात असतो. पोरगा वाईट नाही, फक्त सदा घोड्यावर बसलेला. तो म्हणाला, "मावशी, बाबांना एकटं ठेवण्यात अर्थ नाही. घराला गिऱ्हाईक आलंय. मी त्यांना घेऊन जातो." भाऊजी समोरच बसले होते. ते एवढंच म्हणाले, "मी इथंच राहणार." ताई गेल्यापासून त्यांनी स्वतःहून काढलेलं ते पहिलं वाक्य.

भाच्यानं मग तोडगा काढला. एका रिसॉर्टमध्ये त्याचा वर्षातला एक आठवडा ठरलेला असतो. यंदा त्याला जमत नव्हतं. "खोलीत छोटं स्वयंपाकघर असतं. घरी तर बाबा आईच्या ओट्याजवळही जात नाहीत. तू त्यांना तिकडे ने. साधं साधं शिकव. दोन वेळचं स्वतःचं स्वतः करून खात असतील, तर राहू देत घरी. नसतील तर मी घर विकतो. तू सांगशील ते शेवटचं." झालं. म्हणजे जेवायचे भाऊजी, घर भाच्याचं आणि वाईटपणा मावशीच्या पदरात. मी चिडले खूप, पण गेले. ताईचं घर बंद झालेलं मलाही बघवणार नव्हतं.

रिसॉर्टवाल्यांनी आम्हाला नवरा-बायको समजून पलंगावर टॉवेलचे दोन हंस करून ठेवले होते, चोचीला चोच लावून. मी एक हंस सोडला आणि तोंड पुसलं. दुसरा भाऊजींनी उचलून बाथरूममध्ये नेऊन टांगला. आतली खोली मला, बाहेरचा सोफा त्यांना, आणि सोफ्याच्या मागे भिंतीला लागून ते स्वयंपाकघर. स्वयंपाकघर म्हणायचं आपलं. विजेच्या दोन शेगड्या, गुडघ्याएवढा फ्रिज, एक पातेलं, एक खरवडलेला तवा, काचेचं एक झाकण, आणि बाकी सगळं दोन दोन. सुरी अशी की तिनं लोणीसुद्धा कापलं नसतं. वर पाटी: कृपया धूर करू नये.

"भाऊजी, पहिला धडा चहा," मी म्हटलं. ते उठले, हात धुऊन शेगडीसमोर येऊन उभे राहिले. पाणी किती, साखर किती, उकळी आली हे कशावरून ओळखायचं, एकेक विचारलं. मी सांगितलं. त्यांनी केला. चांगला झाला होता. "कसा झालाय?" मी विचारलं. ते म्हणाले, "तू सांग. मला हल्ली चव कळत नाही." असं म्हणाले जसं कोणी म्हणेल की मला या बाजूनं नीट ऐकू येत नाही.

त्यामुळे चवीपुरतं मीठ हा शब्दच आमच्या शाळेतून बाद झाला. अर्धा चमचा म्हणजे अर्धा चमचा. ते सुरीनं चमच्यावरचं मीठ सपाट करून घ्यायचे. अंडी उकडली, बटाटे उकडले, तव्यावर कांदा घालून परतले. सूप केलं. पहिला भात पातेल्याला धरला, दुसरा गिचका झाला, तिसरा असा मोकळा झाला की मी गपचूप दोनदा वाढून घेतला. कौतुक केलं तर "हं" म्हणाले. मी रागावले तरी "हं"च. एकदा माझा तोल गेला. "अहो, निदान वैताग तरी दाखवा," म्हटलं. "कशाचा?" त्यांनी विचारलं. त्यांना खरंच कळलं नव्हतं.

आता एक भानगड सांगते. त्या खोलीत दाराशी एक खाच असते, त्यात दाराचं कार्ड घातलं की खोलीतली वीज चालू. एका सकाळी मी डोक्याला साबण लावून उभी, आणि बाथरूममध्ये गुडुप अंधार. गरम पाणी बंद. मी आतून हाका मारतेय, बाहेर ढिम्म कोणी नाही. शेवटी टॉवेल गुंडाळलेल्या डोक्यानं बाहेर आले, तर भाऊजी शांतपणे शेगडी पुसतायत आणि कार्ड त्यांच्या शर्टाच्या खिशात.

"कार्ड का काढलंत?"

"शेगडीला हात लावायचा होता."

"अहो, पण ती बंद होती."

"बटण बंद होतं. वीज चालू होती."

मग कळलं की पहिल्या दिवसापासून हे असंच चाललंय. शेगडी पुसायची, कार्ड खिशात. ओटा पुसायचा, कार्ड खिशात. आणि मी बाहेर फिरायला गेले की ते कार्ड तासन्‌तास खिशातच. फ्रिज बंद राहून दूध दोनदा नासलं होतं आणि मी दूधवाल्या दुकानदाराशी कडाक्याचं भांडून आले होते. बिचारा. मी कपाळावर हात मारून घेतला. तेव्हा भाऊजी खुर्चीत बसले आणि त्यांनी मला सांगितलं, त्याच सपाट आवाजात. नोकरीला लागले तेव्हा त्यांचा एक जोडीदार होता. दोघं एकाच वयाचे. तो खाली लिफ्टच्या खड्ड्यात काम करत होता, वर कोणी तरी येऊन खटका चालू केला. तेव्हापासून भाऊजींनी खटक्याची किल्ली स्वतःच्या खिशात घातल्याशिवाय कशालाच हात लावला नाही. "सवय आहे," ते म्हणाले. मला हे ताईनं कधी सांगितलं नव्हतं. मी एवढंच म्हटलं की फ्रिजमध्ये दूध आहे. ते म्हणाले, बरं, दूध संपल्यावर पुसत जाईन.

तर असं करत करत आठवडा संपत आला. भाऊजींना आता सगळं येत होतं. घरी गेल्यावर हवं तर ओट्याला हात लावू नका, तुम्हाला वेगळी शेगडी घेऊन देते, असं मी म्हटलं, तर त्यांनी मान डोलावली. माझ्या जिवात जीव आला. भाच्याला काय सांगायचं ते मी मनात घोळवायला लागले. बघ, तुझा बाप तुझ्यापेक्षा बरा भात करतो.

शेवटच्या दिवशी मी त्यांची परीक्षा घ्यायची ठरवली. सकाळीच चप्पल घातली. "मी दिवसभर बाहेर आहे. दुपारी तुमचं तुम्ही करून जेवा. माझ्यासाठी थांबू नका, मी बाहेरच खाणार आहे." भाऊजी "हं" म्हणाले.

बाहेर जायचं तरी कुठं. पोहायच्या तलावाशी छत्रीखाली बसले. तिथून आमच्या खोलीची खिडकी दिसत होती. सगळी तरुण जोडपी पाण्यात, आणि मी चप्पल पायात घालून, मान वर करून एका खिडकीकडे बघत बसलेली. दुपार व्हायला आली तसे भाऊजी दिसले. खिडकीतून वाफ बाहेर आली. ते पातेलं घेऊन इकडून तिकडे गेले. मला इतका आनंद झाला की काय सांगू. परीक्षेत पोर पहिलं आल्यासारखं वाटलं. मी उठून बाजारात गेले, त्यांच्यासाठी चांगली धारदार सुरी घेतली, स्वतःसाठी एक टोपी घेतली जी मी कधी घालणार नव्हते, आणि उन्हं कलल्यावर परत आले.

भाऊजी टेबलाशी बसले होते. हात गुडघ्यांवर. भांडी घासून पालथी घातलेली. ओटा लख्ख. शेगडी बंद. समोर एकच ताटली, तिच्यात भात, बटाटे, सोलून दोन भाग केलेलं अंडं, आणि वर काचेचं झाकण. झाकणाच्या आतली वाफ केव्हाच पाणी होऊन भातावर गळली होती.

"हे माझं कशाला ठेवलंत? मी खाऊन आले ना."

"तुझं नाही. माझं आहे."

"म्हणजे तुम्ही जेवला नाहीत?"

"नाही."

"केव्हाचं केलंय हे?"

"बाराला झालं होतं."

"मग जेवला का नाहीत?"

त्यांनी जरा विचार केला. माझ्यावर रुसून वगैरे काही नाही, खरंच उत्तर शोधत होते. "कोणी म्हटलं नाही," ते म्हणाले.

मी तशीच उभी राहिले. हातात सुरीचं पुडकं. ते पुढं बोलत राहिले, आणि ताई गेल्यापासून ते एका दमात इतकं कधी बोलले नव्हते. "आमचं काम खाली अंधारात. दिवस की रात्र कळत नाही. ती रोज एक वाजता वॉचमनच्या केबिनमध्ये फोन करायची. जिथं काम असेल तिथला नंबर सकाळीच लिहून घ्यायची. वॉचमन वरून ओरडायचा, घरून फोन, जेवून घ्या म्हणतायत. मग मला भूक लागायची. रिटायर झाल्यावर आतून हाक मारायची. आधी कधी लागली नाही मला भूक. तिनं म्हटलं की लागायची." मग त्यांनी झाकण उचलून पाहिलं आणि परत ठेवलं. "आज बघितली वाट. नाही लागली."

आठवडाभर मी काय शिकवत होते कुणास ठाऊक. मला राग आला, कुणाचा ते सांगता येत नाही. ताईचा आला. अशी कशी गं तू त्यांची भूकसुद्धा घेऊन गेलीस, असं तिला विचारावंसं वाटलं. रडू येईल असं वाटलं, तेही आलं नाही. मी पुडकं ओट्यावर ठेवलं आणि म्हटलं, "भाऊजी, जेवा." त्यांनी लगेच घास घेतला. गार भात, पाणी सुटलेलं अंडं, एकही घास न टाकता खाऊ लागले.

तेवढ्यात भाच्याचा फोन. "काय मग मावशी? काय ठरलं? गिऱ्हाईक थांबलंय."

खोटं बोलायचं मनात आलं होतं. त्यात मी काही कच्ची नाही, दुकान चालवते. पण मी भाऊजींकडे बघितलं आणि जमलं नाही.

"त्यांना सगळं करता येतं," मी म्हटलं. "भात, बटाटे, अंडी, सूप. माझ्यापेक्षा नीट. पण त्यांना कोणी तरी जेवा म्हणावं लागतं."

"म्हणजे?"

"म्हणजे रोज दुपारी एक वाजता फोन करायचा आणि म्हणायचं, बाबा, जेवून घ्या. एवढंच. तेवढं झालं तर ते घरी राहतील. नाही झालं तर उपाशी बसून राहतील, आणि त्यांना ते कळणारही नाही. मी करीन की, पण माझ्या म्हणण्यानं चार घास जातात, तुझं म्हणणं वेगळं. तू त्यांचा मुलगा आहेस."

मग तो म्हणाला, "रोज?"

"रोज. तुझ्या आईनं केला."

"अगं मावशी, पण एक वाजता माझी मीटिंग असते."

फोन स्पीकरवर होता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. भाऊजींनी तोंडातला घास गिळला. ताटलीतून मान वर न करता, जसं मीठ किती विचारायचे तसंच, म्हणाले, "त्याला म्हणावं, दोनला केला तरी चालेल."