मांडवात न घेतलेलं नाव

आमच्या ऐरोलीच्या गावठाणात लग्न ठरलं की डीजेवाल्याच्या आधी गोजराला सांगावं लागायचं. गोजरा माझी मोठी जाऊ, आणि धवलारीण. आगरी लग्नात धवलारीण धवले गाऊन लग्न लावते. ती देवांना बोलावते आणि त्या घरातल्या गेलेल्या माणसांनाही एकेकाचं नाव घेऊन मांडवात बोलावते. ज्याचं नाव राहिलं तो दाराबाहेर ताटकळतो, असं आमच्याकडे मानतात. मी साताऱ्याकडची. लग्न होऊन आले तेव्हा मला हे सगळं गमतीचं वाटायचं. पण तिच्या मागून ओळ धरायला बाई लागायची, म्हणून तिने मलाच ओढलं. "घाटीन हाय, पन गला हाय तिला," असं चारचौघांत सांगायची. असलं कौतुक वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये.

तिला दोन मुलं. गीतांजली मोठी, प्रीतम धाकटा. गीतांजली इथल्याच एका आयटी कंपनीत कामाला होती. चांगली हसरी, बडबडी पोर. एका वर्षात ती बघता बघता मावळली. आधी हसणं गेलं, मग जेवण तुटलं, मग कामावर जाणं बंद. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. मी म्हटलं, डॉक्टरला दाखवू या. तर तिचे वडील, माझे थोरले दीर गोटीराम, अंगावर धावून आले. "आमचे घरान येडी निघाली असा गावभर सांगू काय?"

झालं. भगत आला, लिंबं ओवाळली, कोंबडं कापलं, कुलदेवीला नवस बोलला. गोजरा लेकीच्या उशाशी बसून देवाची गाणी म्हणायची. "देवाचा नाव घे गो बाय, मन घट कर." एकदा पोरगी म्हणाली, "आई, मला आतपर्यंत काही ऐकूच येत नाही." त्यावर दिरांनी मेडिकलमधून कानात टाकायचे थेंब आणले. आता हसावं का डोकं आपटावं, तुम्हीच सांगा.

त्या श्रावणात गीतांजलीने स्वतःचा जीव दिला.

गावाला सांगितलं, हार्ट अटॅक. सव्वीस वर्षांच्या पोरीला! गावानेही मान डोलावली, कारण गावाला खरं ठाऊक होतं आणि खोटंच सोयीचं होतं. तिचा फोटो भिंतीवर लागला नाही. तिची खोली भाडेकरूला दिली. घरात कोणी तिचं नाव काढेना. गोजरा पुन्हा लग्नांना जायला लागली, आणि लोक म्हणाले, बघा, देवावर श्रद्धा असली की माणूस कसं सावरतं. डोंबलाचं सावरतं.

मग दिवा गावातल्या एका लग्नात ती गाता गाता थांबली. त्या घरातली एक मुलगी लहानपणी तापाने गेली होती. तिचं नाव घ्यायची वेळ आली आणि गोजराचं तोंड उघडंच राहिलं. मी मागून ओळ सुचवली, पदर ओढला, पण काही नाही. तिला रिक्षात घालून घरी आणलं. त्या दिवसापासून गाणं बंद, आणि हळूहळू बोलणंही बंद. भिंतीकडे तोंड. मला तर पुढचं सगळं दिसायला लागलं.

प्रीतमचा बिल्डिंगचा धंदा. चार लोकांत ऊठबस. त्याने काय करावं? बघायला आलेल्यांना त्याने सांगितलं, "आईने मौन धरलंय. साधना चालू हाय." एवढं बोलायचा अवकाश, बायका पाया पडायला यायला लागल्या. कोणी हार आणला, कोणी नारळ. ती अंघोळीलासुद्धा उठत नव्हती, आणि या म्हणायच्या, चेहऱ्यावर तेज किती आलंय. अगं, तेज कसलं, ती उपाशी होती! एका बाईने तर सुनेला मूल कधी होईल म्हणून विचारलं. गोजराने तिच्याकडे नुसतं बघितलं. बाई खूश होऊन गेली, देवीने होकार दिला म्हणे.

माझं टाळकं सटकलं. गुडघे दाखवायला नेते असं दिराला सांगितलं, आणि तिला बसमध्ये घालून सरकारी दवाखान्यात मनाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरीणबाई माझ्या भाचीएवढी असेल. तिने विचारलं, "आजी, रडू येतं का?" गोजरा बोलली, "नाय. रडाया आला असता तर बरा झाला असता." डॉक्टरीणबाईंनी शांतपणे समजावलं. हा आजार आहे, साखर असते, बीपी असतं, तसाच. गोळ्या घ्यायच्या, अधूनमधून येऊन बोलायचं. बरं वाटायला वेळ लागतो. गोजराने एकच विचारलं, "ह्यो पोरीला पन होतो?"

"कोणालाही होतो, आजी."

परतीच्या बसमध्ये ती जी रडायला लागली ती घर येईपर्यंत थांबली नाही. कंडक्टरने तिकीटसुद्धा हळू आवाजात विचारलं.

गोळ्या मी माझ्या घरी लपवून ठेवायचे. रोज तिला चहाला बोलवायचे आणि गोळी द्यायचे, जशी काही चोरीच. महिने गेले. दिवाळीनंतर ती जेवायला लागली. मग एका सकाळी माझ्या ओट्यावर बसून आपणहून बोलली.

"संध्या, मी जल्मभर देवाला बोलवला. मना वाटायचा माज्या गल्याला येतो तो. पोरीचे आजारपनात कवरा बोलवला, एकदा पन नाय आला."

मी म्हटलं, "जाऊबाई, आता नका तो विचार करू."

"आयक तर. मी भिंतीकडं तोंड करून पडलेली, तवा मना कल्ला, माजी पोर कुठं पडली व्हती ती. तिथं गाना नाय पोचत. तिथं कोनतरी जवल बसाया लागतो, नुसता. देव बसला आसंल तिच्या बाजूला, गप. आमी भाएर कोंबरा कापत व्हतो."

तिने डोळे पुसले नाहीत. चहा संपवला, कप स्वतः धुतला आणि गेली. मी मात्र तिथंच बसून राहिले. देवाचं मला फारसं कळत नाही, पण जन्मभर देवाला हाका मारणाऱ्या बाईला देव कुठे होता ते इतक्या उशिरा कळावं, याचा मला संताप आला. देवाचाही आला.

त्यानंतर ती देवळात कमी आणि लोकांच्या घरी जास्त दिसायला लागली. कोणाची सून खोलीतून बाहेर येत नाही, कोणाचा मुलगा नोकरी सोडून पडून आहे, की ही जाऊन बसायची. गाणं नाही, उपदेश नाही. उठताना घरातल्या बाईला बाजूला घेऊन दवाखान्याचा पत्ता सांगायची. निम्म्या घरांनी तिला दारातूनच परत लावलं. मौनात होती तेव्हा पाया पडणाऱ्या त्याच बायका म्हणायला लागल्या, गोजराचं डोकं फिरलंय.

अशात प्रीतमचं लग्न ठरलं. मुलगी अलिबागकडची, शिकलेली, माणसं चांगली. त्यांना सांगितलं होतं, मुलगा एकुलता एक. लग्न आमच्याच दारात. वरमाय कधी धवले म्हणत नाही, पण प्रीतमला व्हिडिओत आईच गाताना हवी होती. ड्रोनसुद्धा बोलावला होता. आदल्या दिवशी माझ्यादेखत तो म्हणाला, "आई, नावं घेताना आजोबा, आजी, मोठे काका. बस. तिचं नाव नको. तिकडच्यांना माहीत नाय, लग्न मोडंल."

गोजरा म्हणाली, "ती तुजी बहिन व्हती."

"व्हती ना? आता मी हाय. माजा विचार कर."

ती उठून आत गेली. मला रात्रभर धडकी.

दुसऱ्या दिवशी नवरा-नवरी पाटावर बसली. गोजराने डोळे मिटले आणि गायला लागली. आवाज फाटका झाला होता, पण मांडव गप्प झाला. तिने देवांना बोलावलं, खाडीला बोलावलं, सासऱ्यांना, सासूला, मोठ्या काकांना. प्रत्येक नावामागून मी ओळ धरत होते. मग तिने श्वास घेतला आणि म्हटलं, "माजे गीतांजली, तू ये."

प्रीतमने पाटावरून डीजेवाल्याकडे बघून हात हलवला, गाणं लाव म्हणून. गोटीराम उठून उभे राहिले. माझी ओळ होती. मी मोठ्याने म्हटली, "गीतांजली, तू ये."

नवरीने मुंडावळ्या बाजूला सारल्या आणि सासूकडे बघितलं. "गीतांजली कोण?"

"तुजी ननंद. माजी मोठी पोर. मनाचा आजार व्हता तिला. आमी देवाकडं नेली, डाक्टरकडं नाय नेली. तिने जीव दिला."

मांडवात कुजबुज उठली. नवरीचे वडील पुढे आले, पण तिने हातानेच त्यांना थांबवलं. "मग आम्हाला सांगितलं का नाही?"

गोजराने आधी नवऱ्याकडे बघितलं, मग मुलाकडे. दोघांनी माना खाली घातल्या. मग ती म्हणाली, "लाज वाटली गो आमाला तिची."