आमच्या भाऊजींची शोधाशोध

आमच्या चुलत दिरांइतकं मोजकं विचारणारा माणूस अख्ख्या परभणी जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. गंगाखेडकडच्या एका साखर कारखान्यात ते कंप्युटरवर होते. तेव्हा त्या यंत्राचं नवल इतकं, की त्याच्या खोलीत चपला काढून जायचं. मी नवी सून, भलतीच शहाणी. हळदीकुंकवाचा करंडा घेऊनच दर्शनाला गेले. भाऊजींनी कपाळ पुढं केलं, "वहिनी, मला लावा, पण त्याला नका."

त्यांच्या आधी तिथं उसाच्या प्रत्येक गाडीमागं शेतकऱ्याचं नाव, गाव, शिवार पुन्हा पुन्हा चढवत. भाऊजींनी शेतकऱ्यांचा तक्ता वेगळा केला, उसाच्या फडांचा वेगळा, गाड्यांचा वेगळा, आणि नुसत्या नंबरांनी त्यांच्या गाठी मारल्या. मग तीच नजर माझ्या स्वयंपाकघरावर. तिखट दोन डब्यांत दिसलं की ताटावरून उठायचे. "एक वस्तू एकाच जागी ठेवा वहिनी!" यंत्राला सवाल घालतानाही तेच. "सगळं धुंडाळायला लावलं की ते बसतंय म्हशीवानी. आधी गाळायचं, मग जोडायचं." मी पदराआड हसायची.

एकदा पोखर्णीच्या जत्रेत सासूबाई, म्हणजे भाऊजींची मोठीमाय, हरवल्या. कानानं ठार बहिऱ्या, त्यात घेरी यायची. हाका मारून उपयोग नाही. हिरवं लुगडं दिसलं की मी धावत जाऊन तोंड बघायची आणि शिव्या खाऊन परतायची. भाऊजी मात्र झाडाखाली डोळे मिटून उभे.

"अवो भाऊजी, म्हातारी हरवली अन् तुमी झोपायलाव?"

"तुमी एकेक तोंड बघायलाव. अशानं जत्रा उठंल. मोठीमायचं माहेर कोणतं?"

"जिंतूरकडचं. पण तिथं आता कोण हाय त्यांचं? कवाच तुटलं ते."

"माणसं तुटली असतील वहिनी. गाड्या सोडायची जागा न्हाई तुटली."

खरंच की! दर गावाच्या बैलगाड्या वर्षानुवर्षं ठरल्या जागीच बैल सोडून उभ्या राहायच्या. भाऊजी सरळ जिंतूरकडच्या गाड्यांकडं चालू लागले. तिथं एका गाडीच्या सावलीत सासूबाई पाय पसरून बसलेल्या, आणि कुणीतरी म्हातारी त्यांना लहानपणच्या नावानं हाक मारत लाडू भरवत होती. ती हाक त्यांना बरी ऐकू येत होती! मी उठवायला निघाले तर भाऊजींनी अडवलं. "बसू द्या जरा. सापडल्यात आता."

आता जत्रेला सगळे जीपनं येतात आणि जागा मिळेल तिथं उतरतात. भाऊजी मुलाकडं पुण्याला गेले. मला हल्ली नीट ऐकू येत नाही. उद्या मी हरवले, तर नातवंडं बिचारी एकेक तोंड बघत फिरतील.