वैशाखात हिना

आमच्याकडे अत्तराला ऋतू असे. बायकांनी उन्हाळ्यात मोगरा लावायचा, थंडीत हिना. मोगरा थंड, हिना उष्ण; उलटं केलं की डोकं उठतं, असं सासूबाई सांगत, आणि त्यांचं सांगणं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. लढाई चालली होती, मालक पलटणीत होते, तोवर मी दोन्ही कुप्यांना हात लावला नाही. नवरा लढाईवर आणि बायको अत्तर लावून पाणवठ्यावर, असा पार सांगलीपर्यंत बोभाटा झाला असता.

मालक रजेवर आले ते भर वैशाखात. सासूबाईंनी मोगऱ्याची कुपी पुढे केली. मी मुद्दाम हिन्याची घेतली. पलटणीत जाण्याआधी, माघाच्या थंडीत, मालकांनीच ती मिरजेच्या बाजारातून आणून माझ्या मनगटाला लावली होती. त्यांना ते आठवावं, एवढाच माझा हट्ट.

मालक जवळ आले, वास घेतला आणि खाडकन माझ्या मुस्कटात दिली.

"वैशाखात हिना? घरची बाई लावंल व्हय? कुणाच्या अंगाचा वास हाय ह्यो?"

"आवं, तुमीच आणली व्हती की!"

"खोटं बोलती!" दुसरी बसली. ओठ फुटला, रक्त लुगड्यावर सांडलं. "आत्ताच गाडी जुपतो अन् म्हायेरी टाकून येतो तुला."

टाकलेली बाई माहेरालाही जड होई. मी सासूबाईंकडे पाहिलं. कुपी कुणी आणली ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्या खाली मान घालून जोंधळे निवडत राहिल्या.

मालकांनी केस धरून मला उंबऱ्याकडे ओढलं. चुलीपाशी लोखंडी फुंकणी हाताला लागली. संताप असा चढला होता की समोर नवरा आहे का रेडा, हे मी बघितलं नाही. सगळा जोर लावून त्यांच्या मनगटावर हाणली. हाड मोडलेलं मला ऐकू आलं आणि खरं सांगते, बरं वाटलं.

लेकाचा हात मोडल्यावर सासूबाईंना वाचा फुटली. "आरं, तूच आणली व्हतीस की रं ती!"

मग गाडी जुपली ती मिरजेच्या दवाखान्यासाठी. मालक वाटभर कण्हत होते. मी पदरानं ओठ दाबून धरला होता.

डॉक्टरांनी विचारलं, "काय झालं?"

"बैलानं ढुशी मारली," मालक म्हणाले.

"बैलानं न्हाई, म्या मारलं," मी म्हटलं. "पुन्हा हात उगारला तर दुसराबी मोडीन."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी मालकांकडे पाहिलं. मालकांनी माझ्या सुजलेल्या ओठाकडे पाहिलं.

"व्हय, खरं हाय," ते म्हणाले. "आधी हिचा ओठ बघा. त्यो म्या फोडलाय."