रडके सिनेमे आणि अण्णांची आरामखुर्ची

चार बायका महिन्यातून एकदा एकत्र बसून रडल्या, की हसण्यासारख्या गोष्टी किती साठतात ते आमच्याकडे येऊन बघावं. बंगळूरला, बसवनगुडीत मालतीअक्कांच्या हॉलमध्ये आम्ही गरिबीवरचे सिनेमे बघतो. अक्कांचा नियम एकच. नुसते डोळे पुसून घरी जायचं नाही, काहीतरी करायचं. या नियमाचा सगळ्यात जास्त त्रास झाला तो अक्कांच्या यजमानांना, म्हणजे आमच्या अण्णांना. पण ते शेवटी सांगते.

*

पहिल्याच सिनेमातलं पोर दोन दिवस उपाशी होतं. तो संपल्यावर अक्कांनी गरम वडे आणले, पण एकीलाही घास घेववेना. सगळे वडे तसेच राहिले. अक्कांनी खूप विचार करून तोडगा काढला. तेव्हापासून आम्ही आधी खातो, मग रडतो.

*

केतकी आमच्यातली सगळ्यात लहान. नोकरीसाठी पुण्याहून आलेली, इलेक्ट्रॉनिक सिटीत राहते. एकदा परत जाताना कॅबमध्ये तिचं रडू थांबेना. ड्रायव्हरने विचारलं तेव्हा तिने हिंदीत सगळं सांगितलं. गळकं छप्पर, आजारी आई, न पेटलेली चूल. हे सिनेमातलं आहे, एवढंच सांगायचं राहिलं! त्याने गाडी एका देवळापाशी थांबवली, तिला प्रसादाच्या रांगेत उभं केलं आणि म्हणाला, "पहले खाना, अक्का. बाकी सब ठीक होगा."

"अगं, तू तर इथे सहा वडे खाल्ले होतेस," आम्ही म्हटलं.

"त्याला कसं सांगू? तोही रडत होता."

*

मीही काही कमी नाही. जन्मभर भांडी घासणाऱ्या बाईचा सिनेमा बघून मी घरी गेले आणि सगळी भांडी स्वतः घासली. सकाळी आमची रत्नम्मा आली, रिकामं सिंक बघितलं आणि तिचा चेहराच उतरला.

"अक्का, दुसरी बाई ठेवलीत?"

तिची समजूत पटेना. शेवटी मी कपाटातली चार स्वच्छ ताटं काढून खरकटी केली, तेव्हा कुठे ती हसली.

*

आता अण्णा. आम्ही हॉलमध्ये रडायचो तेव्हा ते आतल्या खोलीत पेपर वाचायचे. पण सिनेमा संपला की अक्का जे द्यायच्या, ते नेमकं अण्णांचं असायचं. थंडीचा सिनेमा झाला, स्वेटर गेला. अनवाणी शाळेत जाणाऱ्या मुलीचा झाला, फिरायला जायचे बूट गेले.

"पोरगी आठ वर्षांची," अण्णा म्हणाले, "आणि बूट दहा नंबरचे."

"त्यामागची भावना बघा हो," अक्का म्हणाल्या.

राहिली होती ती आरामखुर्ची. तीस वर्षं वापरलेली, अण्णांच्या पाठीचा आकार घेतलेली. पुढचा सिनेमा म्हाताऱ्या चौकीदाराचा आहे हे कळल्यावर अण्णा पेपर घेऊन हॉलमध्ये आले आणि खुर्चीत बसले. संपेपर्यंत उठणार नाही, असं त्यांनी आधीच जाहीर केलं.

अर्ध्या तासात पेपर खाली आला. शेवटी तो चौकीदार उभ्या उभ्या डुलक्या घेतो, तेव्हा एक मोठा हुंदका ऐकू आला. आमच्यापैकी कुणाचाच नव्हता.

अण्णा उठले. खुर्चीची घडी केली, खांद्यावर घेतली आणि जिना उतरायला लागले. खाली बिल्डिंगचा वॉचमन मुनियप्पा दिवसभर प्लास्टिकच्या स्टुलावर बसतो.

"अहो, स्वल्प थांबा, त्याला नवी आणू," अक्का मागून म्हणत राहिल्या. अण्णा थांबले नाहीत.

पुढच्या महिन्यात मी सिनेमासाठी गेले. गेटपाशी आरामखुर्चीत मुनियप्पा गाढ झोपला होता. शेजारी स्टुलावर अण्णा, मांडीवर येणाऱ्या-जाणाऱ्यांचं रजिस्टर.

मी काही बोलणार, तोच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू. आत्ताच डोळा लागलाय त्यांचा," ते म्हणाले. "कुणाकडे जायचंय? इथे सही करा."