आई तलावाच्या पाळीवर आली ती दुपार

राळेगावकडच्या आमच्या गावाबाहेर एक पाझर तलाव आहे. त्याची मातीची पाळ दोन मजली घराएवढी उंच. पावसाळ्यात तिच्या उतारावर कमरेएवढं गवत वाढायचं आणि पौष लागेपर्यंत ते वाळून, आडवं पडून इतकं गुळगुळीत व्हायचं की त्यावर पाय ठरत नसे. आम्ही पोरं खताच्या रिकाम्या चुंगडीत सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, भरायचो, तोंड सुतळीनं बांधायचो आणि त्या पोत्यावर बसून वरून खाली घसरत यायचो. गार वारा कानात शिरायचा, डोळ्यांतून पाणी यायचं, पोटात खड्डा पडायचा. त्या खड्ड्यासाठीच तर जायचो.

पायथ्याशी पाणी वाहून जायला दगडाची नाली होती. तिच्या चार हात आधी उजवी टाच जमिनीत रोवायची, म्हणजे चुंगडी वळून थांबे. ज्याला जमलं नाही त्याचे गुडघे फुटायचे. एका पोराचे पुढचे दोन दात त्या नालीत गेले होते. घरोघरी तिकडे जायची बंदी होती. आम्ही जायचोच.

मी दहा वर्षांची असेन. एका दुपारी कापूस वेचून आई परस्पर मला न्यायला आली. हातात तुऱ्हाटी, तुरीची वाळकी काठी. तिला पाहून बाकीची पोरं पळाली, मी तेवढी वर चुंगडीजवळ सापडले. ती धापा टाकत पाळ चढून आली.

"घरी चाल. पाय मोडून घ्यायचा हाय काय?"

"एकदाच, आई."

"नाही म्हटलं ना."

"मंग तू बस एकदा. भेव लागते काय तुले?"

आई तेव्हा तिशीचीही नव्हती. तिनं दोन्ही बाजूंना पाहिलं. कोणी नव्हतं. तिनं तुऱ्हाटी टाकली, पदर कमरेला खोचला आणि चुंगडीवर बसली. मी मागे बसायला गेले तर म्हणाली, "तू नको. मी एकटी जातो."

घरात आई हसायची तेव्हा तोंडाला पदर लावायची. त्या उतारावर ती मोठ्यानं हसली, अगदी आमच्यासारखी, आणि मीही वर उभी राहून टाळ्या वाजवत हसत होते. टाच रोवायचं तिला सांगायचं राहून गेलं, हे ती अर्ध्यात गेल्यावर माझ्या लक्षात आलं. मी ओरडले. चुंगडी नालीत गेली आणि आईची कंबर दगडावर आपटली.

मी खाली पोचले तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते. बराच वेळ तिला उठता आलं नाही. मग माझ्या खांद्याचा आधार घेत म्हणाली, "कोणाले सांगू नको."

घरी तिनं बाबांना सांगितलं, विहिरीवर पाय घसरला. बाबांनी तेल आणून दिलं. आठ दिवसांनी ती पुन्हा वेचायला गेली. कापूस वेचणं म्हणजे दिवसभर वाकणं. तिला वाकवत नव्हतं, मग ती गुडघ्यांवर सरकत वेचायची. रोज सकाळी चहाबरोबर दुखण्याची एक गोळी, पुढे दोन. लग्न होऊन मी यवतमाळला आले, तरी माहेरी गेले की चहाच्या कपाजवळ ते गोळ्यांचं पाकीट दिसायचं. मी त्याबद्दल कधी एक शब्द काढला नाही.

दोन वर्षांपूर्वी तिचे पाय सुजले. दवाखान्यात डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून विचारलं, गोळ्या किती वर्षं घेता? "बावीस," ती लगेच म्हणाली. कशासाठी, असं विचारल्यावर म्हणाली, "विहिरीवर पडली होती." माझ्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. त्या गोळ्यांनी किडन्या गेल्या होत्या.

मग आठवड्यातून दोनदा डायलिसिस. एकदा मशीन सुरू असताना मी तिच्या उशाशी बसले होते. म्हटलं, "आई, म्या तुले तसं म्हणायले नव्हतं पाह्यजे."

कशाबद्दल, हे तिनं विचारलं नाही. डोळे मिटूनच म्हणाली, "मले बसायचंच होतं. रोज वावरातून पाहत होतो मी तुम्हाले."

ती कापूस वेचायची त्या शेतातून पाळ दिसते, हे खरं आहे. बाकीचं खरं होतं की माझ्यासाठी म्हटलेलं, ते मला आजही ठरवता येत नाही.

मार्गशीर्षात आई गेली. तेरवी झाल्यावर, पाहुणे पांगल्यावर, मी बाबांना सगळं सांगितलं. ते अंगणात उन्हाला बसले होते. मान खाली घालून त्यांनी सगळं ऐकलं.

"घसरताना हासली काय ती?" त्यांनी विचारलं.

"हो. मोठ्यानं."

"मंग मले काहून नाही सांगतलं तिनं?"

मी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले.

"म्या काही म्हटलं नसतं तिले," ते म्हणाले. मग पुन्हा तेच म्हणाले. मी त्यांच्याजवळ बसून राहिले.