मांडवासाठी आजीचं चित्र

आमच्याकडे हळदीला घरातल्या गेलेल्या माणसांचे फोटो हार घालून मांडवात ठेवतात. तीही लग्नाला आली पाहिजेत ना! भावाचं लग्न ठरलं तसं आईनं मला पकडलं. "जगाच्या हळदीचे बॅनर करतेस, माझ्या आईचा एक फोटो करून दे."

फोटो कसला करणार, कपाळ! आजीचा एकही फोटो नव्हता. आईचे दुधाचे दात पडत होते तेव्हाच आजी मामाच्या वेळच्या बाळंतपणात गेली. तिचा चेहरा आठवणारं माणूस आता एकटी आईच, आणि तिलाही तो हल्ली पुसट दिसायला लागला होता. "पार जायच्या आधी काढ बाय," म्हणाली. मग काय, बसले.

शेजारच्या गाळ्यातले कापडाचे लूम चालू असले की आमचं टेबलही थरथरतं, म्हणून स्केचसाठी शुक्रवार धरला. शुक्रवारी लूम बंद. फोनवरच्या फुकटच्या ॲपमध्ये बोटानंच चेहरा काढायला घेतला. आई खांद्याशी बसून हुकूम सोडत होती. "नाक असं चिमटल्यासारखं न्हाय गं. बसकं हाय. आपलंच हाय ना!" नाकं पुसून पुसून माझं डोकं फिरलं. "मग तूच काढ!" मी ओरडले. ती उठली, चहा करून आणला आणि परत नाकावरच आली. अशी ही माझी आई!

मग स्केच लॅपटॉपवर घेतलं. तिथल्या सॉफ्टवेअरमध्ये रंग भरले, प्रत्येक गोष्ट वेगळ्या लेअरवर, म्हणजे पारदर्शक कागद एकावर एक ठेवावेत तशी. खाली अंगाचा रंग, त्यावर काळे केस, हिरवं लुगडं, त्यावर ठसठशीत कुंकू. शेवटी तिसऱ्या एका सॉफ्टवेअरमध्ये नेलं. त्यातला ब्रश तैलरंगासारखा उमटतो. तिथं वरच्या दोन लेअरवर सुरकुत्या आणि पांढरे केस इतके झकास उतरले की माझी मीच खूश.

आईला हाक मारली. तिनं चष्मा पुसला, बराच वेळ पाहिलं.

"छान हाय. पण आई न्हाय ही."

माझा पारा चढला. नाक चुकलं? न्हाय. डोळे? बरोबर हायेत. हनुवटी? तीच हाय. "मग काय चुकलं, सांग की!"

ती स्क्रीनवरून नजर काढत पुटपुटली. "मंग माझ्याच ध्यानातून गेली वाटतं ती."

माझा राग कुठल्या कुठे गेला. इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू! काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "गेली तेव्हा केवढी होती गं?"

"मी पहिली, मंग मामा. तुझ्यापेक्षा लहानच असंल."

अरे देवा! बॅनरवर आजी काढायची म्हटली की पांढरे केस आणि सुरकुत्या, हा हात बसलेला. आजी म्हणजे म्हातारी, एवढंच मी धरून चालले होते. आणि ही तर कधी म्हातारी झालीच नव्हती. मी त्या दोन लेअरपुढच्या, लेअर लपवायच्या डोळ्याच्या खुणेवर क्लिक केलं. सुरकुत्या गेल्या, पांढरे केस गेले. खालचे काळेभोर केस आणि तुकतुकीत गाल वर आले.

आईनं बोट पुढे करून स्क्रीनवरचा गाल चाचपला.

"हीच," म्हणाली. "हीच गं बाय." डोळे वाहत होते, पुसायचं तिला सुचलं नाही. "मला टाकून गेली म्हणून जन्मभर रागावले मी हिच्यावर. आणि ही तर पोर हाय."

मी तिला जवळ घेतलं. थोड्या वेळानं नाक ओढत ती सावरून बसली आणि नेहमीच्या हुकमी आवाजात म्हणाली, "केस मोकळे दिसतात तिचे. अबोलीचा गजरा घाल. लग्नाला यायचंय पोरीला."